दाराकडची चाल

सुवार्ताबाईंच्या गळ्यात क्वायर पडला तो बिनविरोध.

कळंबच्या अलीकडं उसाच्या मधोमध एक वस्ती आहे, आणि वस्तीत पत्र्याच्या छपराचं एक चर्च. त्या चर्चच्या मंडळीत सगळंच बिनविरोध व्हायचं. पंच बिनविरोध, खजिनदार बिनविरोध, नाताळच्या जेवणाला मटण करायचं की कोंबडी तेसुद्धा बिनविरोध. ह्याचं सगळं श्रेय सेक्रेटरी दादासाहेब पाटोळ्यांचं. दादासाहेबांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात काढली. तिथं ते एकच विद्या शिकले आणि निवृत्त झाल्यावर ती देवाच्या घरात घेऊन आले. माणसांवर हात वर करायची वेळ येऊ द्यायची नाही. मतं मोजायची पाळी आली म्हणजे पुढारी हरला. त्याच्या आधीच ह्याला हे देऊन, त्याला ते देऊन, चहा पाजून, खांद्यावर हात टाकून मिटवायचं. आणि मिटवायचे, खोटं कशाला बोला. त्यांच्या काळात मंडळीत एकदाही मतदान झालं नव्हतं.

तर जुने क्वायर मास्तर, म्हणजे चर्चची गाणारी मंडळी सांभाळणारे, गुडघे बदलायला म्हणून पोराकडं पुण्याला गेले ते नव्या गुडघ्यांसकट तिकडंच रमले. पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर दादासाहेब उठले.

"सुवार्ताबाई शाळेत गाणं शिकिवत्यात. पेटी येती, गळा हाय, आपल्या पाटोळ्यांच्याच सूनबाई. कुणाचा विरोध?"

कुणाचा नव्हता. झालं. सुवार्ताला विचारायचं तेवढं राहून गेलं.

ती नगरकडची. तिकडं बोर्डिंगात वाढली, आणि त्या बोर्डिंगातल्या पोरी चार आवाजांत गायच्या. एकच गाणं, पण एक रांग उंच चालायची, दुसरी तिच्या खालून, तिसरी मधूनच वेगळी वाट धरायची, आणि ओळीच्या शेवटी सगळ्या एका जागी भेटायच्या. तिथं तिच्या अंगावर असा काही काटा यायचा की शेजारणीचा हात घट्ट धरावा लागायचा. मग लग्न झालं, ती इंदापूरला आली. नवरा चांगला, शाळा बरी, सासूसुद्धा चालण्यासारखी. पण ते चार आवाज काही पुन्हा कानावर पडले नाहीत. फोनवर ऐकायची, पण फोनवर ऐकणं म्हणजे जेवणाचा फोटो बघणं. कधी कधी चटणी वाटताना ती मिक्सरच्या घरघरीला एक सूर समजायची आणि त्याच्यावर आपला दुसरा सूर लावायची. सासू म्हणायची, "सूनबाईला मिक्सरबरूबर पण जमवून घेता येतं."

म्हणून क्वायर पदरात पडल्यावर ती घाबरली, पण मनातल्या मनात तिनं एक ठरवूनही टाकलं. सुगीच्या सणाला बिशपसाहेब येणार होते. त्या दिवशीचं गाणं चार आवाजांत बसवायचं. आपल्या माणसांच्या गळ्यातून ते एकदा ऐकायचं. एकदाच. मग क्वायर राहो नाहीतर जावो.

चर्चच्या पाळकसाहेबांनी गाणं रचून दिलं. 'शेत तुझे, शिवार तुझे, आम्ही नुसते राखणदार.' सुवार्तानं त्याला चार चाली बांधल्या आणि पहिल्या सरावाला स्कूटीवर पेटी बांधून वस्तीवर आली.

"गाणं एकच," ती म्हणाली, "पण चार गट चार वेगवेगळ्या चालींत म्हणणार. एकाच वेळी."

मग मागून लखन बोलला. लखन ट्रॅक्टर चालवायचा. छाती पिंपाएवढी आणि आवाज पिंपातूनच यायचा.

"चार चाली? मंग त्यातली बरूबर कंची?"

"चारही बरोबर."

हे काही कुणाला पटलं नाही. ह्या मुलखात निवडणुकीला चार चार पॅनेल उभी राहतात, पण खरं एकच असतं आणि ते आपलं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चारही बरोबर म्हणणारी बाई एकतर भोळी असणार नाहीतर लबाड. बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांनी भोळी ठरवली आणि विषय सोडून दिला.

"वरच्या चालीला योगिनी आणि तिच्याबरोबरच्या," सुवार्ता पुढं म्हणाली. योगिनी म्हणजे दादासाहेबांची धाकटी लेक, आवाज उंच आणि नाक त्याहून उंच. "आणि खालच्या चालीला सरुबाई मावशी आणि..."

सरुबाई उठून उभी राहिली. खुरपणीच्या बायांची टोळी चालवायची ती. उसाच्या ह्या टोकाला उभी राहून हाक मारली की त्या टोकाच्या बाईच्या हातातलं खुरपं थांबायचं.

"बाई, खालची म्हनू नगा," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी सावकाश. "वरचं-खालचं लय ऐकलंय आमच्या आज्या-पंज्यानं. त्याच्यापायीच तर हितं आलो."

सुवार्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कानाला हात लावून माफी मागितली आणि त्या दिवसापासून चालींना ती ती माणसं बसायची त्या जागांची नावं पडली. योगिनीची खिडकीकडची चाल. सरुबाईची दाराकडची. ऋतिक नावाच्या तरण्या पोराची आणि त्याच्या दोस्तांची पेटीकडची. लखन आणि दोन दांडगे गडी मागं खांबाला टेकायचे, त्यांची खांबाकडची.

नावं बदलली म्हणून माणसं थोडीच बदलतात. खिडकीकडची चाल ऐकल्या ऐकल्या गाणं वाटायची. बाकीच्या तीन एकेकट्या ऐकल्या तर कुणीतरी काहीतरी शोधत फिरतंय असं वाटायचं. त्यामुळं पहिल्या ओळीला चार गट चार वाटांनी निघायचे आणि दुसऱ्या ओळीच्या आत सगळे खिडकीत जमलेले असायचे. सुवार्तानं चार चाली फोनवर भरल्या आणि चार ग्रुप केले. संध्याकाळपर्यंत सगळी माणसं चारही ग्रुपवर. "आमाला का वगळलं?" म्हणून प्रत्येकानं स्वतःला घालून घेतलं, आणि ज्याला जी चाल सोपी वाटली ती तो शिकला. म्हणजे खिडकीचीच.

"मावशी, दुसऱ्या ओळीला कानात बोट घाला," ती सरुबाईला म्हणाली. "तिकडचं ऐकूच नका."

"देवाच्या घरात कानात बोटं घालू व्हय?"

"घाला. देव रागावला तर माझं नाव सांगा."

सरुबाईनं घातलं. आणि सरुबाईचं एक होतं, एकदा मनावर घेतलं की मग ती फडाच्या टोकाला जाऊनच पाठ सरळ करायची. बाई घरी भाकरी थापताना म्हणायला लागली, टमटममध्ये म्हणायला लागली.

एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून सुवार्ता कळसच्या रस्त्यानं येत होती. कडेच्या गुडघाभर उसात खुरपणी चालली होती. दहाबारा बाया ओळीनं वाकलेल्या, आणि सगळ्याजणी गात होत्या, 'शेत तुझे, शिवार तुझे.' दाराकडच्या चालीत! सरुबाई पुढं म्हणायची, बाया मागं ओढायच्या. त्यातल्या निम्म्या खंडोबाच्या, चर्चची पायरी कधी न चढलेल्या, पण खुरपताना गाणं कुठल्या देवाचं हे कोण विचारतंय. त्यांच्या लेखी गाणं एवढंच होतं, असंच होतं, आणि त्यात काही कमी नव्हतं. सुवार्तानं स्कूटी थांबवली. तिला हेल्मेटच्या आत रडू फुटलं. मागून ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारला नसता तर ती तिथंच उभी राहिली असती.

सरुबाईनं तिला बघितलं आणि बांधावर आली.

"बाई, खरं सांगू का," कपाळाचा घाम पुसत ती म्हणाली. "पयलं मला वाटलं, उरलंसुरलं आमच्या पदरात घातलंय. आता मला माजीच चाल खरी वाटाय लागलीय. ती खिडकीवाली उगं वरवर हिंडत्यात."

सुवार्ताला हसू आलं, आणि जीवही थाऱ्यावर आला. एक गट तयार झाला होता. एक झाला म्हणजे दुसरा होईल. पण ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. सरुबाईचं हे मत वस्तीवर पसरायला दुपार पुरली. योगिनी नळावर म्हणाली की दाराकडच्यांना सूर नाही म्हणून त्यांना कडेला बसवलंय. दाराकडच्या म्हणाल्या की खिडकीकडच्यांना ती एकच चाल झेपते म्हणून बाईंनी ती दिलीय, लहान पोराला मऊ घास देतात तशी. दोन चुलत जावांचं बोलणं बंद झालं. सणासाठी सगळ्या बायकांनी एका रंगाच्या साड्या घ्यायच्या ठरल्या होत्या, तर खिडकीकडच्या बारामतीला जाऊन जांभळ्या घेऊन आल्या, आणि दाराकडच्या दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून हिरव्या.

सणाच्या आधीच्या गुरुवारी सरावाला पहिल्यांदा चारही गट आपापल्या वाटेनं निघून पहिल्या ओळीच्या टोकाशी आले. आता भेटणार. आणि योगिनी थांबली.

"बाई, ह्या बाया मुद्दाम आमच्या आडव्या येत्यात! आमी वर चाललो की ह्या खाली वडत्यात!"

तेवढ्यावर सगळं मोडलं. अर्धा तास भांडण झालं. सुवार्ता घसा फोडून सांगत होती की आडवं येणं हेच काम आहे, त्यालाच सुरावट म्हणतात, आणि तिचं ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. ती रडकुंडीला येऊन घरी गेली. नवऱ्याला म्हणाली, "रविवारी होईल. मला माहितेय, होईल. इतकं जवळ आलंय."

पुढचं तिला नंतर कळलं, पण आपण ते आत्ताच सांगून टाकू.

त्या भांडणाच्या वेळी दादासाहेब बाहेर मांडववाल्याशी बोलत उभे होते. त्यांना आत दोन रंगांच्या साड्यांच्या पिशव्या दिसल्या, दोन बाजूंना ठेवलेल्या. जांभळ्या इकडं, हिरव्या तिकडं. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पॅनेल पडलेलं त्यांना अर्ध्या मैलावरून दिसायचं. एवढ्या वर्षांची पुण्याई, आणि बिशपसाहेबांच्या डोळ्यांदेखत मंडळीत उभी फूट? तेही गाण्यावरून? त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी चारही गटांना घरी बोलावलं. भजी तळली, चहा झाला. दादासाहेबांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"वाद कशाचा हाय? चालीचा. खिडकीकडच्यांची येगळी, दाराकडच्यांची येगळी. बरं, पेटीवाले काय म्हनत्यात?"

ऋतिक म्हणाला, "आमचं काय बी चालंल."

"खांबवाले?"

लखनच्या तोंडात भजं होतं. त्यानं मान हलवली.

"मंग राह्यलं दोन. एकानं मागं सरायचं, एकानं मान द्यायचा. चाल खिडकीकडची ठिवू, का तर ती पाव्हन्यांना लगीच कळंल. बदल्यात पुढची रांग दाराकडच्यांना. पयली उसाची मोळी सरुबाई वेदीवर ठिवंल. आणि साड्या घालायच्या, तर जांभळी-हिरवी-जांभळी-हिरवी अशा मिसळून उभ्या ऱ्हावा. कुणाचा इरोध?"

चहा गरम होता, भजी कुरकुरीत होती, मान तोलूनमापून दोन्हीकडं सारखा होता. सरुबाई जरा वेळ बशीकडं बघत बसली. मग तीही म्हणाली, "न्हाय."

"बाईंला आत्ता सांगू नगा," दादासाहेब म्हणाले. "त्यांना लय ताप झालाय. उद्या एकदम बघूद्या."

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वेदीपुढं ज्वारीची कणसं, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा. सरुबाई हिरव्या साडीत पुढं गेली आणि डोक्यावरची मोळी तिनं वेदीपाशी ठेवली. क्वायर उभा राहिला. जांभळी, हिरवी, जांभळी, हिरवी. सुवार्ताला वाटलं, चला, निदान साड्यांचा तरी समेट झाला. देव पावला म्हणायचा. पण मग तिच्या लक्षात आलं की अशा उभ्या राहिल्या तर कोण कुठल्या चालीतली हे खुणावणार कसं. आता वेळ नव्हता. तिनं देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हात वर केले.

योगिनीकडं बघून तिनं उजवा हात हलवला. आवाज आला. सरुबाईकडं बघून डावा हलवला. तोच आवाज आला.

तिला वाटलं आपले कान बसले. तिनं ऋतिककडं पाहिलं, तो खिडकीत. लखनकडं पाहिलं, तोही मेला खिडकीत, दोन मजले खालून. तिनं डावा हात जोरात हलवला, भुवया उडवल्या, शेवटी हनुवटीनं खुणावलं. सरुबाई छपराच्या पत्र्याकडं बघत होती आणि तिचे ओठ जेमतेम हलत होते. मग सुवार्ताला कळलं. कसं झालं ते नाही कळलं, पण काय झालं ते कळलं. हात मात्र खाली घेता येईनात. बिशपसाहेब बघत होते, पाळकसाहेब बघत होते, सासू मान डोलवत होती. चार आवाजांचं गाणं तिनं हातवारे करून शेवटपर्यंत नेलं, आणि समोरून एकच आवाज येत राहिला.

आणि वाईट हेच की गाणं चांगलं झालं. अर्ध्याअधिक माणसांना आपण काय म्हणतोय ह्याची पहिल्यांदाच खात्री होती. सगळ्यांनी मोकळ्या गळ्यानं म्हटलं, पत्रे थरथरले, मागच्या बाकांवरची माणसं आपसूक उभी राहिली.

बिशपसाहेब उपदेशाला उठले ते डोळे पुसतच. "मी मोठमोठ्या शहरांतले क्वायर ऐकतो," ते म्हणाले. "कोण वर, कोण खाली, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो. आज मी एका मनाची, एका मुखाची मंडळी पाहिली. ज्या बहिणीनं हे घडवलं तिच्यासाठी टाळ्या वाजवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सुवार्ता उभी राहिली, हात जोडले, बसली. टाळ्या वाजवणाऱ्या एकेकाच्या कानशिलात द्यावी असं तिला वाटत होतं. दादासाहेबांनी लांबून तिच्याकडं पाहून मान झुकवली. कसं काम केलं तुमचं, असं त्यात लिहिलेलं होतं.

वेदीवरच्या वस्तूंचा लिलाव झाला, कोंबडा पाळकसाहेबांच्याच पदरात पडला, जेवणं झाली. जेवताना योगिनीच तिला सगळं सांगून गेली, भज्यांसकट. "बाई, तुमाला नीट झोप लागावी म्हणून सांगितलं न्हाय," म्हणाली. सुवार्तानं ताट बाजूला सारलं.

मग सतरंजीवर वर्षाची सभा बसली. बिशपसाहेब खुर्चीत, मांडीवर शाल. पंच झाले, खजिनदार झाले, सगळं बिनविरोध. दादासाहेबांनी शेवटचा ठराव काढला.

"क्वायरच्या पुढारी म्हणून सुवार्ताबाईंची तीन वर्षांसाठी नेमणूक. आज साहेबांनीच पावती दिलीया. इरोध कुणाचाच नसनार, तवा..."

"माझा आहे."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. सुवार्ताचा हात वर होता.

"तुमचा?" दादासाहेब हसले. "बाई, ठराव तुमच्याच नावाचा हाय."

"म्हणूनच. माझा मला विरोध आहे. लिहून घ्या."

कुणीतरी फिस्कन हसलं. दादासाहेबांच्या हातातलं पेन थांबलं. विरोध कुठं लिहायचा असतो तेच त्यांना आठवेना.

"मी चांगली पुढारी असते तर सकाळी जे झालं ते झालं नसतं," सुवार्ता म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिनं तो फुटू दिला. "बिशपसाहेब, ते गाणं तसं नव्हतं. ते चार आवाजांचं होतं. तसं गाणं मी लग्नाआधी ऐकलं होतं, त्यानंतर कधी नाही. मला दुसरं काही नको होतं, फक्त एकदा ते आपल्या माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं. ह्यांनी भजी खाऊन ते मिटवून टाकलं. मिटवायला ते भांडण नव्हतं हो! ते गाणं होतं!"

सासूनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. दादासाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. सुवार्ताला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. ते बिचारे खरोखरच तिच्या भल्यासाठी झटले होते.

"बाई दमल्यात," दादासाहेब बिशपसाहेबांना म्हणाले. "म्हंजे एक इरोध सोडला तर..."

"दोन," सरुबाई म्हणाली. ती जेवणाच्या पराती घासायला बाहेर चालली होती, ती दारातच थांबली. "माजा बी इरोध."

"आता तुला काय झालं? पुढची रांग दिली. मोळी दिली."

"रांग घ्या माघारी. माजी चाल द्या."

"अगं, काल तूच न्हाय का..."

"काल म्हनले. चुकलं माजं. सकाळी तितं उभी ऱ्हायले आन् दुसऱ्याचंच गानं म्हनत ऱ्हायले. चार म्हैने जी मनाशी म्हनले ती गिळून टाकली. मोळी ठिवताना सगळे माज्याकडं बघत व्हते, तर मला लाज वाटली." तिनं परात खाली ठेवली. "मला लय आवडती ती चाल. माजी हाय ती."

आणि कुणाला काही न विचारता ती म्हणायलाच लागली. 'शेत तुझे, शिवार तुझे.' दाराकडच्या चालीत, दारातच उभी राहून, एकटी. उसात म्हणायची तशी, रुंद आवाजात, कुठंही घाई नाही. बिशपसाहेबांना वाटलं हे दुसरंच कुठलं तरी गाणं आहे. त्यांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं.

सुवार्ताचा हात अजून वरच होता. तो तिनं कधी खाली घेतला ते तिला कळलं नाही. सरुबाईचा सूर खालून येत होता आणि त्याच्या वरची जागा रिकामी होती. तिथं ती शिरली. खिडकीकडची चाल, सतरंजीवर बसूनच. दोघी निघाल्या. सरुबाई जराही ढळली नाही, आणि आज तिच्या कानात बोट नव्हतं.

योगिनीला राहवेना. आपली चाल बाईंनी एकटीनं म्हणावी हे तिला खपण्यासारखं नव्हतं. तीही उठली. मग पेटीपाशी फोन बघत बसलेल्या ऋतिकनं मान वर केली आणि त्याला आपली चाल आठवली, चार ग्रुपांच्या गर्दीतून नेमकी आठवली. लखन सगळ्यांत शेवटी आला, अर्धी ओळ उशिरा, चढावरच्या ट्रॅक्टरसारखा कण्हत, पण आला. एकमेकांच्या आडवी येत, वर-खाली ओढत, रडतखडत चार माणसं ओळीच्या टोकाशी पोचली, आणि भेटली.

सुवार्ताच्या अंगावर काटा आला. तिनं शेजारी बसलेल्या सासूचा हात गच्च धरला. सासूनं तो सोडवून घेतला नाही.

कडवं संपलं. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. हे चांगलं होतं का वाईट, हे अजून कुणी ठरवलं नव्हतं, आणि एरवी ठरवून देणारा माणूस पेन हातात धरून उभा होता. बिशपसाहेब दादासाहेबांकडं वाकले.

"हे सकाळी का नाही म्हटलं?"

दादासाहेबांनी एवढी वर्षं उगाच काढली नव्हती. "राखून ठिवलं व्हतं साहेब," ते म्हणाले. "मुद्दाम. सभेसाठी." मग त्यांनी घाम पुसला आणि सभेकडं वळले. त्यांच्या जिवात जीव आल्यासारखा दिसला. "तर मंडळी, आता सगळं जुळून आलंय. सुवार्ताबाईंच्या नावाला सगळ्यांचं एकमत झालं असं लिवतो."

"न्हाय," सरुबाई म्हणाली.

"आता काय न्हाय?"

"माजं न्हाय झालं. आजून दुसरं कडवं ऱ्हायलंय. तुमी खाली बसा, दादासाहेब."